आवाज साधा चालेल, पण नाव हवंच! जात्यावरच्या ओव्यांच्या रेकॉर्डिंगमधून छोट्या उद्योजकानं काय शिकायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळेअभावी एक विषय अर्धाच राहिला. कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, त्या ओव्यांचं पुढं काय झालं?" म्हणून आज तो विषय इथं नीट लिहून काढतोय. चहा घेऊन बसा, जरा मोठा लेख आहे.

प्रश्न कुठून आला?

वेल्ह्यात बचत गटाच्या महिलांसाठी कार्यशाळा होती. तोरण्याच्या पायथ्याचं गाव. काही जणी भोरच्या बाजूनंही आल्या होत्या. कुणाचा इंद्रायणी तांदूळ, कुणाचे नाचणीचे पापड, कुणाचं करवंदाचं लोणचं. त्यात एक ताई होती, जात्यावर दळलेलं नाचणीचं पीठ विकायचं म्हणणारी. घरात सासूबाईंचं जुनं जातं होतं. तिनं टाकी लावून घेतलं, पीठ दळलं, पुड्या भरल्या, मोबाईलवर छोटा व्हिडिओही काढला. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, याच्यावर गाणं कुठलं लावू? ट्रेंडिंग कुठलंय सध्या?"

मी व्हिडिओ बघितला. जातं फिरतंय, पीठ पडतंय, आणि मागं कुणीतरी हलक्या आवाजात काहीतरी म्हणतंय. मी विचारलं, "हे कोण गातंय?"

"त्या होय, आत्याबाई आमच्या. जात्याजवळ बसल्या की त्यांचं तोंड सुरू होतं. ते काढून टाकायचंय मला."

मित्रांनो, आजचा लेख या एका वाक्यावर आहे: "ते काढून टाकायचंय मला."

आधी समजून घेऊ, जात्यावरची ओवी म्हणजे काय

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी जातं बघितलंय ते लग्नाच्या हळदीत, नाहीतर हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेलं. पण गावोगाव विजेची गिरणी येईपर्यंत घरातलं रोजचं पीठ जात्यावरच पडायचं. पहाटे, कोंबडा आरवायच्या सुमाराला बाई उठायची, धान्याची टोपली घेऊन जात्याशी बसायची. एकटीनं खुंटा ओढणं जड, म्हणून बऱ्याचदा दोघी समोरासमोर. सासू-सून, जावा-जावा, मायलेकी. हात चालायचा आणि हाताच्या लयीत गाणं चालायचं. एकीनं म्हणायचं, दुसरीनं उचलायचं.

ही ओवी साधारण दोन ओळींची. चालीला बायका 'गळा' म्हणतात. "माझा गळा वेगळा, तिचा वेगळा," असं सहज बोलतात. वाद्य नाही, ताल धरायला जात्याची घरघर पुरे. विषय कुठले? माहेर, भाऊ, आई, लेक, सासुरवास, पाऊस, शेत, पंढरीचा विठ्ठल, सीतेचा वनवास, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जे दिवसभर बोलता यायचं नाही ते पहाटे दगडाला सांगायचं. ऐकायला कुणी नाही, टाळ्या नाहीत, बिदागी नाही. काही ओव्या आईकडून आलेल्या, काही तिथल्या तिथं जुळवलेल्या. म्हणजे गीतकार तीच, संगीतकार तीच, गायिकाही तीच. आजच्या भाषेत 'सिंगर-साँगरायटर'! फक्त तिला कुणी तसं म्हटलं नाही.

मग गिरणी आली. बाईच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, ते चांगलंच झालं. जात्याचे गोडवे गाताना आपण हे विसरायचं नाही, ते मरणाचं कष्टाचं काम होतं. पण जातं थांबलं तशी ओवीही थांबली. कारण ती कार्यक्रमाची कला नव्हती, कामाची सोबत होती. काम गेलं, सोबत गेली.

मग हे रेकॉर्ड कुणी केलं?

इथं आपल्याच पट्ट्यातली गोष्ट सुरू होते. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ या दोन अभ्यासकांनी सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस ही संस्था उभी केली. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेच्या डोंगरी भागात, म्हणजे मुळशी, वेल्हे, भोर या बाजूला, 'गरीब डोंगरी संघटना' काम करत होती. पाणी, रस्ता, रेशन, धरणाखाली गेलेली जमीन असे प्रश्न. बैठकांना बायका यायच्या, पण बोलायला लाजायच्या. ओवी मात्र मोकळी यायची. बाईच्या मनातलं कळायचं असेल तर ओवी ऐकावी, हे इथं लक्षात आलं. १९८०च्या दशकात ओव्या लिहून घ्यायचं काम सुरू झालं.

लिहून घेणारे बाहेरून आलेले साहेब नव्हते, हे महत्त्वाचं. गावातल्याच कार्यकर्त्या वह्या घेऊन घरोघरी बसल्या. मुळशीतल्या नांदगावच्या कुसुम सोनवणे, कोळवड्याच्या ताराबाई उभे ही नावं या कामाशी जोडलेली आहेत. या स्वतः ओव्या गाणाऱ्या, आणि दुसऱ्यांच्या गोळा करणाऱ्याही. मुळशीपासून सुरू झालेलं काम मराठवाड्यापर्यंत गेलं.

१९९०च्या दशकात बर्नार्ड बेल नावाचे फ्रेंच संगीत-संगणक अभ्यासक यात आले. त्यांनी दोन कामं केली: गावोगाव जाऊन आवाज रेकॉर्ड केले, आणि सगळ्या ओव्यांचा संगणकावर डेटाबेस बांधला. कुठली ओवी, कुणाची, कुठल्या गावची, कुठल्या विषयाची.

आकडे ऐका. १,००,००० हून जास्त ओव्या. १,००० हून जास्त गावं. ३,००० हून जास्त गाणाऱ्या. आणि १०० तासांच्या वर आवाजाचं रेकॉर्डिंग.

गी प्वातवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. पुढं हा ठेवा पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', म्हणजे 'पारी', या संकेतस्थळाकडे आला. २०१७ पासून तिथं या ओव्या आवाज, मजकूर आणि भाषांतरासह प्रसिद्ध व्हायला लागल्या. नमिता वाईकर आणि त्यांच्या टीमनं हे काम केलं. ते कार्यकर्ते पुन्हा त्याच गावांत गेले, गाणाऱ्या बायकांना शोधून काढलं, काहींचे फोटो आणि व्हिडिओ घेतले. काही जणी तोवर गेल्या होत्या. त्यांचा आवाज मात्र राहिला.

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचं रेकॉर्डिंग जरूर ऐका. सीतेच्या वनवासावरच्या ओव्या आहेत. स्टुडिओ नाही, साथ नाही, आवाजात सफाई नाही. पण दोन मिनिटांत तुम्ही हातातलं काम थांबवाल. आवाज 'चांगला' असणं आणि आवाज 'खरा' असणं यातला फरक मला तिथं कळला.

असं जगात दुसरीकडे घडलंय का?

घडलंय. अमेरिकेत डॅनिएल जॉन्स्टन नावाचा गायक होता, १९६१ ते २०१९. त्यानं १९८०च्या दशकात साध्या टेपरेकॉर्डरवर, घरी बसून स्वतःची गाणी रेकॉर्ड केली. टेपची खरखर, चिरका आवाज, मध्येच चुकलेले सूर. कॅसेटचं कव्हरही स्वतःच पेनानं काढायचा. सुरुवातीला त्याच्याकडे एका कॅसेटची दुसरी कॉपी करायची सोय नव्हती. मग कुणी कॅसेट मागितली की हा पठ्ठ्या सगळी गाणी पहिल्यापासून परत गायचा! ऑस्टिन शहरात मॅकडोनाल्ड्समध्ये काम करायचा आणि भेटेल त्याला कॅसेट द्यायचा. १९९२ मध्ये निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन त्याच्या एका अल्बमचं चित्र असलेला टी-शर्ट घालून टीव्हीवर दिसला आणि नाव सगळीकडे झालं. २००५ मध्ये त्याच्यावर माहितीपट आला. आयुष्यभर मानसिक आजाराशी झगडलेला माणूस, त्यामुळं ही काही 'यशाची सोपी गोष्ट' नाही. पण एक गोष्ट बघा. त्याच्या प्रत्येक कॅसेटवर त्याचं नाव होतं. म्हणून लोक परत त्याच्यापर्यंत पोचू शकले.

आपल्याकडच्या बहिणाबाई चौधरी आठवा. जन्म १८८०, जळगावजवळच्या आसोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करताना गाणी सुचायची. त्यातली काही मुलानं, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्यांनी लिहून ठेवली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. आचार्य अत्र्यांनी ती वही बघितली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. घरातल्या कुणी तेव्हा "ती काय दळताना बडबडते" म्हणून सोडून दिलं असतं, तर आज आपल्याकडे काहीच नसतं.

आता धंद्याचं बोलू

यातून आपण काय घ्यायचं? मी चार गोष्टी सांगतो.

१. साधेपणाची लाज नको. आपले बरेच नवे उद्योजक महागडा कॅमेरा येईपर्यंत थांबतात. "सर, माईक घेतो मग सुरू करतो." अहो, या ओव्यांचं रेकॉर्डिंग गावात, घरात बसून झालंय. त्याची किंमत यंत्रामुळं नाही, आत काय आहे त्यामुळं आहे. तुमचा मोबाईल पुरेसा आहे. मात्र एक लक्षात ठेवा, साधं म्हणजे निष्काळजी नव्हे. पंखा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका, गाणाऱ्यापासून साधारण हातभर अंतरावर घडी घातलेल्या कापडावर ठेवा. आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐका, मग पुढं जा.

२. नाव, गाव, तारीख. माझ्या मते या सगळ्या कामाचा खरा कणा हा आहे. लाखभर ओव्या नुसत्या गोळा करून पोत्यात भरल्या असत्या तर आज त्यांचं काय झालं असतं? 'महाराष्ट्रातील लोकगीत, कवी अज्ञात' एवढाच शिक्का बसला असता. त्यांनी प्रत्येक ओवीपुढं बाईचं नाव आणि गाव लिहिलं. म्हणून वीस वर्षांनी कुणी परत जाऊन दार वाजवू शकलं.

तुमच्या मालाचंही तेच आहे. 'गावरान तांदूळ' असं पोत्यावर लिहिलेले शंभर जण आहेत. कुठल्या गावचा, कुणाच्या शेतातला, कुठल्या हंगामाचा, हे लिहिणारे किती? रेकॉर्डिंग करताना सुरुवातीलाच तोंडानं म्हणा: आज तारीख अमुक, गाव अमुक, गाणारीचं नाव अमुक. फाईललाही तेच नाव द्या. 'ऑडिओ ००१७' अशी फाईल सहा महिन्यांनी तुम्हालाच सापडणार नाही. दोन ठिकाणी जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फाईल दाबली जाऊन आवाज खराब होऊ शकतो.

३. परवानगी घ्या, आणि ती खरीखुरी घ्या. आता काही जण लगेच 'पारी'वर जाऊन ओवी डाऊनलोड करून पिठाच्या जाहिरातीला लावतील. थांबा! ओवी परंपरेतून आली म्हणून ते रेकॉर्डिंग बेवारस होत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याचा, म्हणजे कलाकाराचा, वेगळा हक्क आहे. कलम ३८. सादरीकरणानंतर ५० वर्षं तो राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलाकार म्हणून आपलं नाव लावलं जावं हा हक्कही त्यात स्पष्ट आला. याशिवाय रेकॉर्डिंग करणाऱ्याचे हक्क वेगळे. एखादं रेकॉर्डिंग ऐकायला मोफत आहे, याचा अर्थ धंद्यात वापरायला मोफत आहे असा होत नाही. अटी वाचा, विचारा, लेखी उत्तर घ्या.

आणि घरातल्या आजीची परवानगी? "आपलीच तर आहे, तिला काय विचारायचं?" तिलाच आधी विचारायचं. कुठं वापरणार, कोण बघणार, पैसे मिळाले तर तिला काय, हे तिला कळेल अशा भाषेत सांगा. 'व्हायरल' म्हणजे काय हे तिला माहीत नसेल तर सांगा की हे गाणं पुण्या-मुंबईचे अनोळखी लोकही ऐकतील.

४. खोटं नको. विजेच्या चक्कीवर दळायचं आणि व्हिडिओत जातं फिरवायचं, वर ओवी लावायची, हा धंदा नाही, फसवणूक आहे. हातानं दळून रोज किती किलो पीठ होतं ते घड्याळ लावून बघा. जेवढं होतं तेवढंच 'जात्यावरचं' म्हणून विका, आणि दळणारीची मजुरी धरून भाव ठरवा. बाकीचं 'चक्कीवरचं' म्हणून विका, त्यात काही कमीपणा नाही. ज्या कष्टाच्या नावावर तुम्ही जास्त भाव घेता, तो कष्ट खरंच कुणीतरी केलेला असला पाहिजे.

वेल्ह्याच्या ताईचं पुढं काय झालं?

मी तिला एवढंच म्हणालो, "गाणं नंतर बघू. आज घरी जाऊन आत्याबाईंचं नीट रेकॉर्डिंग कर. सुरुवातीला नाव, गाव, तारीख. आणि संपल्यावर त्यांना ऐकव."

दुसऱ्या दिवशी ती आली. डोळे सुजलेले. रात्रभर झोपली नव्हती बहुतेक. सांगायला लागली, "सर, पंधरा वर्षं झाली मला त्या घरात. आत्याबाई कुणाबद्दल गातात हे मला माहीतच नव्हतं. त्यांचा भाऊ होता, मुंबईला गोदीत कामाला. तरुणपणीच गेला. त्याच्यावरच्याच ओव्या आहेत सगळ्या. त्यांनी स्वतः जुळवलेल्या."

म्हातारीनं स्वतःचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. आधी लाजली, "माझा कुठं असा घोगरा आवाज?" म्हणाली. मग परत लाव म्हणाली. मग परत.

"मग व्हिडिओला लावायचं का?" मी विचारलं.

"विचारलं सर मी. नाही म्हणाल्या." ताई जरा थांबली. "म्हणाल्या, पीठ वीक, जातं दाखव, माझे हात दाखव. पण ती ओवी भावाची हाय. ती पुडीवर नको."

वर्ग एकदम शांत झाला. मी ट्रेनर माणूस, माझ्या डोक्यात तोवर अख्खी जाहिरात तयार झाली होती. म्हातारीचा आवाज, फिरणारं जातं, शेवटी ब्रँडचं नाव. मला ते सगळं पुसावं लागलं. परवानगी मागायची म्हणजे 'नाही' ऐकायचीही तयारी ठेवायची, हे मी तुम्हाला वर मुद्दा क्रमांक ३ मध्ये शिकवलं. मला ते त्या दिवशी एका आजीनं शिकवलं.

शेवटी व्हिडिओत काय लावलं? काहीच नाही. फक्त जात्याची घरघर, आणि खाली दोन ओळी: दळणारीचं पहिलं नाव आणि गावाचं नाव. ट्रेंडिंग गाणं नाही. पिठाच्या पुडीवरही तेच. व्हिडिओ काही लाखांत गेला नाही. पण त्यातून आलेल्या फोनवर लोक विचारतात, "त्या आजींनी दळलेलं पीठ आहे का?" गिऱ्हाईक पिठाला नावानं ओळखायला लागलं.

आणि ते रेकॉर्डिंग? ते घरात आहे. ताईच्या फोनमध्ये आणि तिच्या मुलाच्या पेनड्राइव्हवर. फाईलचं नाव: आत्याबाईंचं पूर्ण नाव, गाव, 'भावाची ओवी', तारीख.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या घरात किंवा वाड्यात सत्तरीच्या पुढची एक तरी बाई असेल. या रविवारी तिच्याजवळ बसा. धंद्याचं डोक्यात ठेवू नका. "दळताना काय म्हणायचीस गं?" एवढंच विचारा. पहिल्यांदा ती म्हणेल, "माझं कसलं आलंय गाणं?" तिथं उठू नका. चहा करा, परत बसा. आणि रेकॉर्ड सुरू करण्याआधी तिला सांगा की तू रेकॉर्ड करतोयस.

पाठ नसेल तर नसू दे. तिला जेवढं आठवेल तेवढं घ्या. जातं घरात असेल तर तिला खुंट्याला हात लावू द्या. हात फिरला की शब्द येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. मालाची ऑर्डर उशिरा गेली तर गिऱ्हाईक रागावतं, पण परत येतं. हे परत येत नाही.

काय मिळालं ते कमेंटमध्ये लिहा. ओवी लिहायची असेल तर आधी तिला विचारून, आणि तिच्या नावासकट. पुढच्या व्हिडिओत आपण घरगुती पिठाच्या धंद्याचा भाव कसा काढायचा, दळणारीची मजुरी धरून, ते कागदावर मांडून बघणार आहोत. वही-पेन घेऊन या.

भेटू मग!